'म्हणजे नुसतं बघितलं?' : प्राणीशास्त्राचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

माननीय विभागप्रमुख, अभ्यासक्रम मंडळाचे सदस्य आणि प्राणीशास्त्र शिकवणारे सगळे सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी प्राणीशास्त्रात एमएस्सी केलं, स्पेशलायझेशन वर्तनशास्त्राचं, निदान मार्कशीटवर तरी तसंच लिहिलंय. आता नवा अभ्यासक्रम ठरतोय आणि त्यात 'ॲनिमल बिहेवियर'चं काय करायचं यावर चर्चा चालू आहे असं कळलं, म्हणून लिहायला बसले. पत्र लांबेल, पण मागणी एकच आहे. थिअरीचा पेपर किती मार्कांचा ठेवायचा ते तुम्ही ठरवा, मला त्यात पडायचं नाही, पण निरीक्षणाचं प्रॅक्टिकल पूर्ण एक सेमिस्टर द्या आणि ते थिअरीच्या आधी द्या, मुलांना एक जिवंत प्राणी, एक वही आणि एक घड्याळ देऊन बसवा आणि त्या बसण्याला काम म्हणा.

हे शेवटचं का लिहावं लागतंय ते सांगते. माझ्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल सरांनी माझं डिझर्टेशन, म्हणजे प्रबंध, चाळला, मेथड्सच्या पानावर थांबले आणि विचारलं, इन्स्ट्रुमेंट कुठलं वापरलं? मी म्हटलं, स्टॉपवॉच आणि डेटाशीट. त्यांनी वर बघितलं. 'म्हणजे नुसतं बघितलं?' बाजूच्या मॅडम हसल्या, वाईट मनाने नाही, पण हसल्या. मला त्या वेळी काही बोलता आलं नाही. माझ्या आधी जी मुलगी आत गेली होती तिच्याकडे लॅबमधल्या जेलचे, म्हणजे डीएनएचे पट्टे दाखवणारे फोटो होते, माझ्याकडे रकाने भरलेले कागद होते, आणि त्या खोलीत कुठल्या गोष्टीला विज्ञान म्हणतात हे मला बसल्याबसल्या कळलं.

तर मी काय 'नुसतं बघितलं' ते आता सांगते.

विभागाच्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावर एक कायमची बंद खिडकी आहे, तिच्या बाहेरच्या कडेवर पारव्यांच्या एका जोडीने काड्या टाकून घरटं केलं होतं. काच मळकी, पण हातभर अंतरावरून सगळं दिसायचं आणि काचेमुळे त्यांना माझा त्रास नव्हता. पहिल्या दिवशी मी वहीत लिहिलं, 'नर चिडलेला आहे. मादी दुर्लक्ष करते. नर नाराज होऊन उडून गेला.' एवढं लिहून मला फार भारी वाटलं होतं. दुसऱ्या विभागातली एक सिनिअर ताई पीएचडी करत होती, तिने वही मागितली, वाचली आणि 'चिडलेला'वर रेघ मारली. म्हणाली, चिडला म्हणजे त्याने काय केलं? शरीराने काय केलं तेवढं सांग. मग मी परत जाऊन बसले आणि लिहिलं, मानेची पिसं फुगवली, डोकं खाली-वर केलं, घुमत घुमत जागच्या जागी गोल फिरला, शेपटी पसरून कडेला घासत तिच्याकडे धावला. आता हे वाचल्यावर कुणीही सांगेल की तो चिडलेला नव्हता, तो तिला राजी करत होता. मी ज्याला राग म्हणत होते ते प्रणयाराधन होतं, आणि ताईने रेघ मारली नसती तर माझ्या डिझर्टेशनमध्ये 'आक्रमकता' नावाच्या रकान्यात ते गेलं असतं, त्याची टक्केवारी निघाली असती, रंगीत ग्राफ पण झाला असता.

त्यानंतर आठवडाभर मी फक्त इथोग्राम केला, म्हणजे हा पक्षी काय काय करतो त्याची यादी आणि प्रत्येकाची अशी व्याख्या, की दुसऱ्या कुणी वाचून बसलं तर त्यालाही तेच ओळखता आलं पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. 'सावध' ही एक गोष्ट मी चार वेळा लिहिली आणि चार वेळा खोडली.

मग दोन अंडी घातली गेली आणि खरी चूक पुढे झाली, तीच मला तुमच्यापुढे ठेवायचीय. माझी लेक्चरं साडेबाराला संपायची, त्यामुळे मी रोज साडेबारा ते तीन बसायचे. घरट्यावर रोज तोच पक्षी असायचा, शेपटीत एक पांढरं पीस असलेला, ओळखायला सोपा. मी त्याचं नाव डेटाशीटमध्ये 'मादी' असं घातलं, कारण अंड्यांवर बसलाय म्हणजे आईच. दुसरा पक्षी घरट्यावर एकदाही दिसला नाही म्हणून त्याच्यापुढे लिहिलं, 'नराचा उबवण्यात सहभाग नाही.' सलग अकरा दिवस. बाराव्या दिवशी दुसऱ्याच कुठल्यातरी कामासाठी सकाळी साडेसहाला विभागात गेले आणि जाता जाता खिडकीतून बघितलं तर घरट्यावर दुसरा पक्षी बसलेला. पांढरं पीस नाही. मी जिन्यातच बसून राहिले, साडेनऊच्या पुढे पांढऱ्या पिसाचा पक्षी आला, कडेवर उतरला, आधीचा उठला, बाजूला झाला, हा आत सरकला, चोचीने अंडी पोटाखाली घेतली आणि बसला. बदली झाली. त्या रात्री वाचलं तेव्हा कळलं की पारव्यांमध्ये दोघंही उबवतात, साधारणपणे सकाळ उलटल्यापासून दुपार कलेपर्यंत नर बसतो आणि संध्याकाळ, रात्र, पहाट मादी काढते. म्हणजे मी अकरा दिवस ज्याला आई म्हणत होते तो बाप होता. पुढच्या वेळच्या जुळणीत पांढऱ्या पिसाचाच पक्षी घुमताना, गोल फिरताना आणि वर चढताना दिसला तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली.

माझा डेटा खोटा नव्हता. प्रत्येक नोंद खरी होती, मिनिटासकट. चूक बसायच्या वेळेत होती आणि त्याहून जास्त माझ्या डोक्यात आधीच पक्क्या असलेल्या आईमध्ये होती. हे मला कुठल्या धड्याने शिकवलं नाही, आणि पुस्तकातून शिकवता येतं असं मला वाटतही नाही. अकरा दिवस वाया गेल्यावर ते जे आत जाऊन बसतं ते कायमचं.

आणि ही फक्त नवख्या विद्यार्थिनीची चूक आहे असंही समजू नका. गाणारा पक्षी म्हणजे नर, हे किती वर्षं पुस्तकांत छापलं जात होतं? २०१४ साली जगभरातल्या गाणाऱ्या पक्ष्यांची माहिती एकत्र करून बघितली तेव्हा ज्या जातींची नोंद मिळाली त्यातल्या ७१ टक्के जातींमध्ये मादीही गाते असं निघालं, आणि या पक्ष्यांच्या पूर्वजांमध्येही माद्या गात असाव्यात असं दिसलं. सुरुवातीचा बराचसा अभ्यास युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या थंड भागांत झाला होता, तिथे मादी न गाणाऱ्या जाती जास्त, आणि तेच सगळ्या जगाला लावलं गेलं. माझ्या साडेबारा ते तीनचंच हे मोठं रूप आहे.

ही गोष्ट शास्त्र म्हणून मांडली गेली त्यालाही आता पन्नास वर्षं होऊन गेलीत. जीन ऑल्टमन मूळच्या गणिताच्या, पुढे केनियातल्या अंबोसेलीत बबून माकडांवर काम करत राहिल्या, त्यांनी १९७४ मध्ये निरीक्षणाच्या पद्धतींवर एक पेपर लिहिला आणि त्यानंतर 'जे दिसेल ते लिहा' हे चालेनासं झालं. त्यांचा मुद्दा साधा आहे. जे दिसेल ते लिहायला लागलात की भांडणं लिहिली जातात, आरडाओरडा लिहिला जातो, आणि कोपऱ्यात शांत बसलेली मादी वहीतून गळते. म्हणून आधीच ठरवायचं, आता दहा मिनिटं याच प्राण्याकडे बघायचं, तो काही करो न करो, याला फोकल सॅम्पलिंग म्हणायचं, किंवा ठरलेल्या प्रत्येक मिनिटाला सगळ्या कळपावर एकदा नजर फिरवायची आणि त्या क्षणी जो जे करतोय ते टिपायचं, ते स्कॅन. दहा मिनिटं काहीच न करणाऱ्या पक्ष्याकडे नजर न हटवता बघणं किती अवघड आहे ते बसल्याशिवाय कळत नाही, मला पहिले काही दिवस दर दोन मिनिटांनी नजर दुसरीकडे गेलेली सापडायची. आमच्या अभ्यासक्रमात यातलं एक अक्षर नव्हतं.

होतं काय ते सांगते. अर्धं युनिट. फिक्स्ड ॲक्शन पॅटर्नची (ठराविक क्रमाने आपोआप होणाऱ्या वागण्याची) व्याख्या, इम्प्रिंटिंगची (पिल्लाने सुरुवातीला दिसलेल्याचीच ओढ धरण्याची) व्याख्या, मधमाशीच्या नाचाची नामनिर्देशित आकृती पाच मार्कांना. मी ती आकृती इतक्या वेळा काढलीय की आत्ताही डोळे मिटून काढेन, पण तेव्हा मला हे माहीतच नव्हतं की पोळ्यावर सरळ वर धावणं म्हणजे सूर्याच्या दिशेला, उभ्या रेषेशी जो कोन होतो तोच बाहेर सूर्याशी, आणि थरथरत धावण्याचा वेळ जितका जास्त तितकं अंतर लांब, आणि हे सगळं कार्ल फॉन फ्रिश यांना माश्यांवर रंगाचे ठिपके लावून, साखरपाण्याच्या ताटल्या लांब-जवळ ठेवून, वर्षानुवर्षं पोळ्यासमोर बसून कळलं. १९७३ मध्ये त्यांना, कोनराड लॉरेन्झ यांना आणि निको टिनबर्गन यांना मिळून नोबेल दिलं गेलं, तेही शरीरक्रियाशास्त्र आणि वैद्यकशास्त्राचं. आमच्या नोट्समध्ये हे नोबेल होतं, बसणं नव्हतं.

टिनबर्गन यांचे १९६३ चे चार प्रश्न मात्र मला अभ्यासक्रमात अख्खे हवेत, पाठ करायला म्हणून नको, वापरायला हवेत. कुठल्याही वागण्याला 'असं का?' विचारलं की चार वेगळी उत्तरं येतात. आत्ता शरीरात आणि आजूबाजूला काय झाल्यामुळे हे होतंय, हे एक. जन्मापासून हे वागणं कसं घडत आलं, हे दुसरं. याने जगायला आणि पिल्लं वाढवायला काय मदत होते, हे तिसरं. आणि पूर्वजांपासून हे कुठल्या वाटेने आलं, हे चौथं. माझ्याच पारव्याला लावा. तो नर अंड्यांवर का बसला? डॅनियल लेहरमन यांनी होल्यांवर केलेलं काम बघा, काचेपलीकडे घुमणारा नर नुसता दिसला-ऐकू आला तरी मादीचं अंडाशय वाढायला लागतं, मग जोडीदार, घरटं, अंडी असं एकेक समोर येत जातं तशी दोघांच्या शरीरातली संप्रेरकं बदलतात, त्या संप्रेरकांनी वागणं बदलतं आणि वागण्याने पुन्हा संप्रेरकं. पुढे प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे बापाच्याही अन्नपिशवीत पिल्लांसाठी दुधासारखा पदार्थ तयार होतो. हे झालं पहिल्या प्रश्नाचं उत्तर. 'पिल्लं जगावीत म्हणून' हे तिसऱ्याचं. दोन्ही बरोबर आहेत आणि एकाने दुसरं खोडलं जात नाही. परीक्षेत आम्ही या दोघांची खिचडी करायचो आणि पूर्ण मार्क मिळायचे.

व्याख्यांचं सुद्धा जरा बघा ना. कुरवाचं पिल्लू आईबापाच्या चोचीवर टोचतं, हे उपजत वर्तनाचं ठरलेलं उदाहरण. १९६० च्या दशकात जॅक हेलमन यांनी कुरवांचीच पिल्लं जवळून तपासली तर अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू बऱ्याचदा नेम चुकतं आणि दोन-तीन दिवसांत सवयीने सुधारतं. म्हणजे 'उपजत की शिकलेलं' या दोन डब्यांतला कुठलाच डबा पुरत नाही. आमच्या पेपरला मात्र 'फरक स्पष्ट करा' होतं, दोन रकाने आखून.

आता मला ठाऊक आहे की बैठकीत सगळ्यात आधी काय येईल. 'नुसत्या निरीक्षणातून निष्कर्ष निघत नाही, आजकाल मॉलिक्युलर, म्हणजे डीएनएच्या पातळीवरचं काम, लागतं.' यावर मला वानरांची गोष्ट सांगायचीय. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा धारवाडच्या जंगलात वानरांचे कळप बघत होते. बाहेरून आलेल्या नराने कळप ताब्यात घेतला की दूध पिणारी पिल्लं मारली जातात, असं त्यांनी नोंदवलं. कुणाला पटेना. कुणी म्हटलं गर्दीमुळे डोकं फिरलं असेल, हे नैसर्गिक नाहीच. सेरा हर्डी १९७० च्या दशकात अबूला गेल्या, त्याही आधी गर्दीचाच विचार घेऊन गेल्या होत्या, आणि वर्षानुवर्षं कळप बघून उलट मतावर आल्या, की अंगावर पिणारं पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची पिल्लं होण्याची संधी मिळते, म्हणजे त्या नराच्या बाजूने याला हिशोब आहे. प्रचंड वाद झाला. पुढे नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांचे डीएनए तपासले गेले, ते १९९९ मध्ये छापून आलं, आणि त्यात पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते. म्हणजे मॉलिक्युलर लागलं, अगदी लागलं, पण कुठल्या नराने कुठल्या पिल्लावर हल्ला केला हे कुणीतरी जंगलात बसून लिहून ठेवलं नसतं तर त्या डीएनएने कुठल्या प्रश्नाचं उत्तर दिलं असतं? लॅब आणि वही यात भांडण लावूच नका. माझं म्हणणं एवढंच की तुम्ही मुलांना लॅब शिकवता आणि वही शिकवत नाही.

दुसरी अडचण येईल ती साधनांची, जागेची, फंडाची. चार्ल्स हेन्री टर्नर यांनी १९०७ मध्ये शिकागोहून पीएचडी केली, कृष्णवर्णीय असल्यामुळे संशोधनाची विद्यापीठातली जागा त्यांना मिळाली नाही, मग सेंट लुईसच्या एका शाळेत शिकवत शिकवत त्यांनी मधमाश्यांना रंग आणि नक्षी ओळखता येते हे रंगीत चकत्या वापरून बागेत दाखवलं. राघवेंद्र गदगकर यांनी बंगळुरूत गांधीलमाश्यांच्या रोपॅलिडिया मार्जिनॅटा या जातीवर अनेक वर्षं काम केलंय, एकेका माशीवर रंगाचे ठिपके लावून, तिच्या वागण्याची नोंद करत. या जातीतली राणी मवाळ असते, कुणावर दादागिरी करत नाही. पण तिला पोळ्यावरून काढलं की कामकऱ्यांपैकी एक जण अचानक आक्रमक होते, काही दिवसांनी अंडी घालायला लागते आणि तीच पुढची राणी होते. ती कोण असेल हे आधी बघून आपल्याला सांगता येत नाही, पोळ्यातल्या माश्यांना मात्र ते आधीपासून ठाऊक असतं असं त्यांच्या प्रयोगांतून दिसतं. हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ गप्प बसले होते. यात महागडं काय लागलं सांगा. रंग, ब्रश, पोळं आणि न कंटाळणारे डोळे. व्हिडिओ कोड करायला, म्हणजे त्यातलं वागणं बघून नोंदवायला, बोरिस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आकडेमोडीला आर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. आणि प्राणी तर कुठेही आहेत, मुंग्या, कोळी, चिमण्या, जिन्यातले पारवे.

'मार्क कसे द्यायचे?' हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. निकाल काय आला यावर मार्क देऊ नका, ही माझी हात जोडून विनंती. निकालावर मार्क दिलेत की मुलं निकाल बनवतील, आणि मोठी माणसंही तेच करतात. समूहाने राहणाऱ्या, जाळी विणणाऱ्या कोळ्यांच्या स्वभावावरचे नावाजलेले पेपर २०२० पासून मागे घ्यावे लागले, कारण डेटामध्ये तेच तेच आकडे पुन्हा पुन्हा आलेले सापडले, आणि ते शोधण्यात त्याच पेपरांच्या सहलेखकांचाही हात होता. ज्यांनी स्वतःच्या पेपरवर स्वतः बोट ठेवलं त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. म्हणून मार्क कच्च्या डेटाशीटला द्या, पेनाने भरलेल्या, तारीख-वेळ घातलेल्या, खाडाखोड तशीच ठेवलेल्या. व्याख्या किती काटेकोर आहे त्याला द्या. आणि दोन जणांनी एकच गोष्ट स्वतंत्रपणे बघून नोंदवली तर किती जुळलं, त्याला द्या.

हे शेवटचं मी मैत्रिणीबरोबर करून बघितलं. एक तासाचा व्हिडिओ, दोघी वेगवेगळ्या खोलीत, दोघींकडे तीच व्याख्यांची यादी. 'बसणं' आणि 'पिसं साफ करणं' जवळजवळ सगळं जुळलं. 'सावध'मध्ये आमचं काही म्हणता काही जुळलं नाही, तिने लिहिलेलं त्याच्या निम्मंही माझ्याकडे नव्हतं. मग लक्षात आलं की पक्षी सावध आहे हे मी डोळ्यांवरून ठरवत होते आणि ती मानेवरून. शेवटी 'मान ताणलेली आणि पिसं अंगाला चिकटलेली, दोन्ही एकदम' असं लिहिलं तेव्हा आकडे जवळ आले. या एका दुपारीत मी विज्ञानाबद्दल जे शिकले ते दोन वर्षांच्या लेक्चर्समध्ये शिकले नव्हते, हे मी कुणाला दुखवायला लिहीत नाहीये, हे असंच झालं.

बघणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असलं की काय होतं हेही तिथेच शिकवता येईल. बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा खुर आपटून गणिताची उत्तरं द्यायचा, मालक फॉन ओस्टेन प्रामाणिक होता, फसवत नव्हता. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं किंवा तो घोड्याला दिसत नसला की घोडा चुकतो. बरोबर आकडा आला की माणसाच्या डोक्याची-अंगाची जी बारीकशी हालचाल व्हायची ती घोडा बघत होता. निरीक्षण तोच घोडा जास्त चांगलं करत होता! म्हणून ज्याला गृहीतक माहीत नाही अशा मुलाकडून व्हिडिओ कोड करून घ्या, वर्गातल्या वर्गात जोड्या लावून होतं.

आणखी एक, आणि हे मला स्वतःबद्दल लिहायचंय. माझ्या डिझर्टेशनमध्ये एक मोठा दोष होता आणि व्हायवाला तो कुणीही पकडला नाही. मी एकच जोडी बघितली होती. एकाच जोडीच्या तासंतास नोंदी केल्या आणि प्रत्येक नोंद म्हणजे स्वतंत्र सॅम्पल असं धरून सांख्यिकी टेस्ट लावली, पी व्हॅल्यू, म्हणजे निकाल निव्वळ योगायोग नसावा हे दाखवणारा आकडा, छान आली. खरं तर सॅम्पल एक होतं. या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन हे नाव स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्येच दिलंय. सरांनी मला 'नुसतं बघितलं?' असं विचारण्याऐवजी 'किती जोड्या बघितल्या?' असं विचारलं असतं तर मी उत्तर देऊ शकले नसते, आणि मला ते आवडलं असतं. मी जिन्यातल्या काचेमागे जे शिकले त्याची परीक्षा घेणारंच त्या खोलीत कुणी नव्हतं, कारण त्यांनाही हे कधी शिकवलं गेलं नसावं.

म्हणून शिक्षकांबद्दलही एक वाक्य, हे प्रॅक्टिकल घेणाऱ्या सर-मॅडमनी स्वतः एकदा महिनाभर वही घेऊन बसावं, विद्यार्थ्यांबरोबर, शेजारी. रोल कॉल करून निघून जाऊ नये.

प्राण्याला त्रास न देण्याचं बोलायचं राहिलं. घरट्याजवळ जायचं नाही, अंडी हाताळायची नाहीत, पिल्लं असताना आपल्यामुळे आईबाप उडून जात असतील तर डेटा सोडायचा, हे पहिल्याच तासाला सांगा आणि मोडलं तर मार्क कापा. आणि मुलींना एकटीला निर्जन जागी पाठवू नका, पण 'मुलींना फील्ड नको' असंही करू नका, जोडीने पाठवा. आमच्या बॅचला हे दुसरंच झालं होतं.

'याने नोकरी काय मिळणार' यावर फार लिहीत नाही. डास कुठल्या वेळी चावतो आणि घरात चावतो की बाहेर, यावर मच्छरदाणी किती उपयोगी हे ठरतं. औषधाची चाचणी उंदरावर होते तेव्हा उंदराला बरं वाटतंय की नाही हे कुणीतरी बघूनच ठरवतं. प्राणिसंग्रहालयातलं अस्वल दिवसभर त्याच रेषेत येरझाऱ्या का घालतं, जंगलात सोडलेला पिंजऱ्यातला प्राणी शिकाऱ्याला ओळखेल का, ही सगळी कामं ज्याला बघायची सवय आहे त्याचीच आहेत.

पुढच्या बैठकीत हा विषय अजेंड्यावर घ्यावा आणि जे ठरेल ते लेखी कळवावं ही विनंती. माझी वही हवी असेल तर देते, पहिल्या पानापासून, 'नर चिडलेला आहे'वरच्या रेघेसकट. ती खिडकी अजून तिथेच आहे, मागच्या आठवड्यात जाऊन बघून आले, कडेवर नव्या काड्या पडल्यात, कुठली जोडी आहे ते अजून कळलेलं नाही. नवीन बॅचमधून कुणाला बसायचं असेल तर सकाळी साडेसहापासून सुरू करायला सांगा. ताळा करायला दुसरा निरीक्षक लागतो, तो मिळेपर्यंत मी येईन.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी